खिळ्यावरची मेणबत्ती

जुन्या जपानी कँडल स्टँडवर मेणबत्ती बसवायला खळगा नसतो, खिळा असतो. खाली जड बैठक, मध्ये दांडी, वर छोटी ताटली आणि ताटलीच्या मधोमध चांगला टोकदार खिळा. इथे याला शोकुदाई म्हणतात. आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्या टोकावर बोट टेकवून बघतो, 'आई गं' करतो आणि मग विचारतो, की यावर मेणबत्ती लावायची कशी? प्रश्न अगदी बरोबर आहे. नेटवर व्हिंटेज एशियन कँडल होल्डर शोधले की जे ढीगभर फोटो येतात ना, बेज रंगाची भिंत, पुस्तकांची चवड, शेजारी ऐटीत उभा ब्राँझचा सारस पक्षी, त्यातल्या बहुतेकांत मेणबत्तीच नसते. असलीच तर जाडजूड सुगंधी मेणबत्ती, खिळ्यावर कशीबशी दाबलेली आणि बुडाशी तडकलेली.

मी टोकियोत निशिकासाईला राहते. इथे आपली मंडळी इतकी आहेत की खाली दुकानात उतरलं तरी मराठी कानावर पडतं, त्यामुळे जपानमध्ये राहून जपान बघायचं तर मुद्दाम घराबाहेर पडावं लागतं. मला त्यातून जुन्या वस्तूंच्या बाजारांचं वेड लागलं. टोकियो इंटरनॅशनल फोरमच्या आवारात रविवारी भरणारा बाजार, क्योतोला तोजी देवळात दर महिन्याच्या २१ तारखेला भरतो तो, कितानो तेनमांगूला २५ तारखेचा. सुरुवातीला बशा आणि किमोनोचे तुकडे घ्यायचे, मग हळूहळू नजर या दिव्यांवर स्थिरावली. समईच्या देशातून आलेल्या बाईचं दुसरं काय होणार.

खिळ्याचं कोडं सुटतं ते मेणबत्तीपाशी. जपानी पारंपरिक मेणबत्ती, वारोसोकु, पॅराफिनची नसते. ती हाझे नावाच्या झाडाच्या फळांतून काढलेल्या मेणाची असते. हे झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं, आणि बिब्बा जसा उततो तसं हेही काही जणांच्या अंगावर उततं. वात सुताची नाही. हातकागदाची पोकळ सुरळी करायची, तिच्यावर एका गवताच्या आतला पांढरा मऊ गर दोरीसारखा गुंडाळत न्यायचा (तातामीची चटई विणतात ना, त्याच जातीचं गवत), आणि तो सुटू नये म्हणून वर रेशमाचे चार तंतू लपेटायचे. म्हणजे वात जाड आणि मधून आरपार पोकळ. मेणबत्तीच्या बुडाला भोक दिसतं ते या वातीचंच, आणि खिळा नेमका त्यात जातो. दाबायला नको, तापवायला नको, मेण तडकायचा प्रश्नच नाही. ज्याने हा स्टँड बनवला त्याच्या डोळ्यासमोर ही मेणबत्ती होती, त्यामुळे ती बाजूला काढून स्टँडच्या सौंदर्यावर बोलत बसणं मला अर्धवट वाटतं.

शिकोकू बेटावर एहिमे प्रांतात उचिको नावाचं छोटंसं गाव आहे, एदो आणि मेइजी काळात (१६०३ ते १८६८ आणि पुढे १९१२ पर्यंत) या हाझेच्या मेणावर गबर झालेलं. मेणाच्या व्यापाऱ्यांचे वाडे अजून नीट जपून ठेवलेत. तिथे एका कारागिराला काम करताना बघितलं. काड्यांवर ओवलेल्या वाती एका हाताने फिरवत ठेवायच्या आणि दुसऱ्या हाताने, नुसत्या हाताने हं, वितळलेलं मेण घेऊन त्यांना चोळायचं, एक थर, वाळवण, मग दुसरा थर. मेण कोमट असतं, भाजत नाही, पण वर्षानुवर्षं हे करून त्या माणसाचा तळवा इतका गुळगुळीत झाला होता की त्यावर रेषाच दिसेनात. मेणबत्ती आडवी कापली तर आत झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात. शेवटी काडी ओढून काढली की वातीतलं भोक मोकळं. मेणबत्तीचा रंग निघतो फिकट हिरवट-पिवळा. लाल मेणबत्त्या देवळातल्या खास दिवसांसाठी, श्राद्धाच्या मोठ्या तिथ्यांसाठी, आणि फुकुशिमातल्या आइझूकडे त्यांच्यावर शेवंती, पिऑनी वगैरे फुलं रंगवतात, कारण तिथल्या हिवाळ्यात बर्फाने सगळं झाकलं गेलं की बुद्धासमोर ठेवायला खरं फूल मिळायचं नाही.

ती पेटल्यावर काय होतं ते फोटोत कळत नाही. ज्योत उंच होते, आपल्या वाढदिवसाच्या मेणबत्तीच्या तिप्पट सहज, रंगाने केशरी, आणि खिडक्या बंद असल्या तरी हलते. वातीच्या पोकळीतून हवा वर खेचली जाते म्हणून ती मध्येच ताणते, मग बसते, मग परत उंचावते. मेण फार ओघळत नाही, धूरही कमी. पण वात जळून कोळसा होऊन तिथेच उभी राहते आणि थोड्या वेळाने ज्योत भलतीच मोठी होते, मग ती छोट्या कात्रीने कापावी लागते. म्हणजे मेणबत्ती लावली आणि विसरलो असं चालत नाही, अधूनमधून उठून तिच्याकडे बघावंच लागतं. त्या कात्र्यासुद्धा जुन्या बाजारात मिळतात, पुढे छोटं पातं, तुटलेली काजळी धरायला कडेला भिंत. बहुतेक दुकानदार त्या बोन्साईच्या अवजारांत टाकून ठेवतात, तेव्हा तिथे हात घालून बघायचा.

अशी मेहनत म्हणजे अर्थात किंमत आली. एदो काळात मेणबत्ती ही देवळांची, सरदारांची, श्रीमंत चहागृहांची चैन. साध्या घरात रात्री मोहरीसारख्या तेलबियांचं तेल जाळायचे, ते परवडत नसेल तर माशाचं तेल, वासासकट. शहरात चक्क ओघळलेलं मेण विकत घेणारे फेरीवाले फिरायचे, स्टँडच्या ताटलीत साचलेलं मेण खरवडून त्यांना द्यायचं आणि ते परत मेणबत्त्यांत जायचं. हे कळल्यापासून मी जुन्या शोकुदाईची ताटली वेगळ्या नजरेने बघते. ती रुंद आणि कड उचललेली का, तर शोभेसाठी नाही, त्यात पैसे साचत होते. काबुकी नाटकात तर लांब दांड्याच्या टोकाला मेणबत्ती लावून काळ्या कपड्यातला मदतनीस ती नटाच्या तोंडासमोर धरायचा, नट हलला की दांडा हलला. स्पॉटलाइटच तो, फक्त माणसाने चालवलेला.

आता त्या सारसाकडे येऊ, कारण घर सजवणाऱ्यांना तोच हवा असतो. कासवाच्या पाठीवर सारस उभा, चोचीत कमळाचा देठ, आणि त्या कमळावर खिळा. सारस हजार वर्षं जगतो, कासव दहा हजार, अशी समजूत, म्हणून ही जोडी. जोदो शिनशू या बौद्ध पंथाच्या ओतानी शाखेत, म्हणजे क्योतो स्टेशनजवळच्या हिगाशी होंगांजी देवळाच्या परंपरेत, असा स्टँड वापरतात. थोड्या अंतरावरच्या निशी होंगांजीच्या परंपरेत सहसा साधा, पक्षी नसलेला. त्यामुळे बाजारात सारस दिसला की तो कुठल्या घरातल्या देव्हाऱ्यातून आला असेल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. माझ्याकडच्या कासवाला मागे लांब केसाळ शेपूट आहे, पाण्यात शेकडो वर्षं राहून पाठीवर शेवाळ वाढलेलं कासव दाखवायची ही पद्धत. ओतीव कामात एकेक केस वेगळा काढलाय आणि तो भाग मागे, भिंतीकडे, जिथे कुणी बघणारच नाही. आपल्या महादेवाच्या देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतं आणि समईच्या शेंड्यावर पक्षी, हे आईला सांगितल्यावर ती म्हणाली, 'मग त्यात एवढं नवीन काय?' बरोबर आहे तिचं.

याच पंथातली अजून एक गंमत. मेणबत्ती लावायची नसेल तेव्हा खिळा उघडा ठेवत नाहीत, त्यावर लाल रंगवलेली लाकडी मेणबत्ती बसवतात. म्हणजे शोभेची मेणबत्ती ही काही आजच्या एलईडीवाल्यांची कल्पना नाही. बाजारात ही लाकडी लाल कांडी स्टँडपासून वेगळी होऊन कुठल्या तरी डब्यात पडलेली असते आणि विकणाऱ्यालाही कधीकधी ती काय आहे ते माहीत नसतं.

पण हे सगळं देव्हाऱ्यातून बाजारात येतंच कसं, हा प्रश्न मला बरेच दिवस खात होता. माणसं म्हातारी होतात, मुलं शहरात दोन खोल्यांत राहतात, गावचं घर बंद पडतं. २०२३ च्या सरकारी पाहणीत जपानमध्ये रिकाम्या घरांचा आकडा ९० लाखांवर गेला होता. त्या घरांत माणूसभर उंचीचे देव्हारे असतात आणि ते फ्लॅटमध्ये मावत नाहीत. मग भटजींना बोलावतात, ते मंत्र म्हणून त्यातलं चैतन्य काढून घेतात आणि उरलेलं सामान विकतात किंवा टाकतात. तोजीच्या बाजारात एका आजोबांना मी जरा चाचरतच विचारलं, की हे घरात शोभेला ठेवलं तर चालतं का, तर ते म्हणाले, 'पूजा करून झालीय हो, आता ती फक्त वस्तू आहे, न्या आणि वापरा.' हे मी फोनवर आईला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, 'म्हणजे उत्तरपूजा झाली की! मग काय हरकत आहे?' मी ज्या गोष्टीवर इतका विचार केला ती तिने फोडणी देता देता निकालात काढली.

तरी माझं मन पूर्ण शांत झालंय असं नाही. परदेशात एका कॅफेत आपली पंचारती टेबलावर पाकिटं ठेवायला वापरलेली बघितली होती, पाच वातींच्या जागी पाच प्रकारची साखर. राग नाही आला, पण चुटपुट लागली. ती कशासाठी हे नंतर कळलं. पंचारती देवाची होती म्हणून नव्हे, तर तिचं पेटणं बंद झालं म्हणून. त्या कॅफेवाल्याने तिच्यात वाती लावल्या असत्या तर मला काहीच वाटलं नसतं. त्यामुळे माझ्यापुरता मी नियम केलाय की जो स्टँड पेटवता येणार नाही तो घ्यायचा नाही, आणि जो घेतला तो पेटवायचा.

बौद्ध देवळांचं सामान बाजारात यायची ही काही पहिली वेळ नाही. १८६८ मध्ये सरकारने शिंतो (जपानचा मूळचा धर्म) आणि बौद्ध परंपरा वेगळ्या करायचा हुकूम काढला, त्यातून कितीतरी बौद्ध देवळं मोडली आणि त्यांच्या वस्तू मिळेल त्या भावाने गेल्या. १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी आली आणि तलवारींच्या मुठी-खोबण्या घडवणारे कसबी कारागीर बेकार झाले. हेच हात मग युरोप-अमेरिकेत पाठवायच्या शोभेच्या ब्राँझकामाकडे वळले. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात जपानी माल गाजला होताच, मागणी तयार होती. आज पाश्चात्त्य लिलावांत दिसणारे भरगच्च ड्रॅगन, वेलबुट्टी, माकडं लगडलेले कँडल स्टँड बरेचसे या काळातले आणि खास परदेशी दिवाणखान्यांसाठी केलेले. मला ते आवडत नाहीत, स्पष्ट सांगते. कारागिरी थक्क करणारी, पण कारागीर गिऱ्हाइकाला दिपवायच्या मागे लागलाय हे लांबूनच कळतं. घरगुती देव्हाऱ्याचा साधा, वीतभर उंचीचा स्टँड त्यापेक्षा कितीतरी बरा, आणि स्वस्तही.

रंगाबद्दल मात्र कळकळीने सांगायचंय. जपानमधलं ब्राँझ-पितळेचं बहुतेक ओतकाम तोयामा प्रांतातल्या ताकाओका गावात होतं. १६११ मध्ये तिथल्या सरदाराने, माएदा तोशिनागाने, सात ओतारी बोलावून कानाया-माची नावाच्या पेठेत वसवले, तेव्हापासून. तिथे ओतकामाइतकंच रंग चढवणं हे स्वतंत्र कसब आहे. धातूवर किसलेल्या मुळ्याचा रस लावून मग तांब्याच्या क्षारांच्या पाण्यात उकळतात, कधी तांदळाचा कोंडा फासून भाजतात, कधी लोखंडाचं काळं पाणी कुंच्याने पुन्हा पुन्हा चढवतात. तो तपकिरी-काळपट रंग म्हणजे मळ नव्हे, ते कुणीतरी मुद्दाम केलेलं काम आहे. आणि हे मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर पहिलं वाक्य, 'अगं पितांबरी लाव ना, लख्ख होईल!' लख्ख होईल हे खरंच, आणि तिथेच वस्तू संपेल. चिंच, लिंबू, पितांबरी, सगळं आपल्या समईला, निरांजनाला, तांब्याला शोभतं, कारण आपल्याकडे धातू उजळ असणं हीच रीत. इथे फक्त कोरडं मऊ फडकं. ओघळलेलं मेण असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने कोमट करून कापसाने टिपायचं, सुरीने खरवडायचं नाही.

माझ्याकडे एक स्टँड धातूचा नाहीच, मातीचा आहे, वर ब्राँझसारखा गडद रंग. फार सुबक नाही, खिळासुद्धा जाडाभरडा. विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे तो युद्धकाळातला. १९४१ मध्ये जपानमध्ये धातू गोळा करायचा सरकारी हुकूम निघाला, आणि देवळांच्या घंटा, धूपदाण्या, मेणबत्तीचे स्टँड, घरातली भांडी असं सगळं लढाईसाठी वितळवायला गेलं. शिबुया स्टेशनबाहेरचा तो हाचिको कुत्र्याचा पुतळा, ज्याच्याजवळ आपले सगळे पर्यटक फोटो काढतात, तोही मूळचा नाही, मूळ १९३४ चा युद्धात वितळवला आणि आत्ताचा १९४८ चा. धातू गेल्यावर लोकांनी देव्हाऱ्यात मातीचे बदली स्टँड ठेवले. कोरियात तर दुहेरी अन्याय, जपानी राजवटीने तिथल्या घराघरातली पितळी-काशाची भांडी उचलून नेली. तिथली जेवणाची काशाची भांडी तांबं साधारण ७८ भाग आणि कथील २२ या मिश्रणाची, आपल्या काशाच्या वाटीचंही प्रमाण तेच. जुने कोरियन कँडल स्टँड उंच, पितळी आणि कित्येकांना ज्योतीमागे फुलपाखराच्या आकाराचा पत्रा असतो, उजेड पुढे परतवायला आणि वारा अडवायला. हे फुलपाखरू मला सारसापेक्षा जास्त आवडतं, पण धड अवस्थेतला अजून परवडलेला नाही.

चीनचा पसारा मोठा, त्यात मी फार शिरत नाही, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या मेणबत्त्यांवर जे कडक पांढरं मेण चढवायचे ते किड्यांचं. सिचुआनमध्ये एका भागात किडे वाढायचे आणि दुसऱ्या भागात त्यांच्याकडून मेण करून घ्यायचे, आणि मधला डोंगराळ प्रवास हमाल अंड्यांच्या टोपल्या खांद्यावर घेऊन रात्रीचा करायचे, दिवसाच्या उन्हाने अंडी वाटेतच फुटू नयेत म्हणून. देव्हाऱ्यासमोर धूपदाणी, दोन मेणबत्त्या, दोन फुलदाण्या हा पाच वस्तूंचा संच जपानने चीनकडूनच घेतला. बीजिंगजवळच्या मिंग राजांच्या थडग्यांसमोर हाच संच दगडात कोरून ठेवलाय, मेणबत्त्यांसकट.

खरेदीचं म्हणाल तर जोडीच्या मागे लागू नका. संचातले एकटे पडलेले स्टँड अर्ध्याहून कमी भावात मिळतात, आणि घरात जोडी मांडली की उगाच सगळं शोरूमसारखं दिसतं. उचलून बघायचं, वजन बुडाशी असलं पाहिजे. खिळा वेगळा बसवलेला असेल तर हलतो का बघायचं, हलला तरी हरकत नाही, तो बदलता येतो. बुडाखाली इंग्रजी अक्षरांत निप्पॉन असेल तर तो माल निर्यातीसाठी केलेला, साधारण १८९१ ते १९२१ मधला, कारण अमेरिकेच्या जकात कायद्यामुळे मालावर देशाचं नाव घालावं लागायचं आणि नंतर त्यांनी जपान असंच लिहायला लावलं. ऑक्युपाइड जपान (म्हणजे युद्धानंतर परक्या फौजांच्या ताब्यातला जपान) असेल तर १९५२ च्या आतला. घरगुती वस्तूवर यातलं काही नसतं, फार तर एखाद्या दात्याचं नाव आणि साल कोरलेलं. आणि खोटा जुनेपणा ओळखायला माझी नजर आधी ताटलीकडे जाते. सगळीकडे सारखा काळा रंग आणि ताटलीत मेणाचा मागमूस नाही, असं असेल तर मी पुढे सरकते.

पॅराफिनची मेणबत्तीच हाताशी असेल तर खिळा लायटरने थोडा तापवून मग ती हळूच वरून सोडायची, तडकत नाही. पण शे-दोनशे येनला एक छोटी वारोसोकु मिळते, चकलीच्या भाजणीपेक्षा महाग नाही, तेव्हा एकदा तरी ती आणाच. मी भूकंपाच्या भीतीने बैठकीखाली चिकट पट्टी लावते, पडद्यापासून लांब ठेवते, आणि छतावरच्या फायर अलार्मच्या बरोब्बर खाली कधीच नाही. विझवायला फुंकर मारत नाहीत, इथेही तोंडाचा वारा दिव्याला अशुद्ध मानतात, पानाच्या आकाराची छोटी धातूची टोपी मिळते ती ज्योतीवर ठेवायची. माझ्या मुलीला हे काम फार आवडतं, दिवाळीत पणत्यांवरही तीच टोपी घेऊन फिरत होती आणि सासूबाई तिच्यामागे, 'अगं राहू दे ना जरा वेळ पेटलेल्या!'

सध्या मी हातात धरायच्या शोकुदाईच्या शोधात आहे. तीन छोटे पाय आणि एक लांब दांडा. चहा-समारंभात हिवाळी संध्याकाळी अंधारात यजमान आणि मुख्य पाहुणा बागेत समोरासमोर येतात आणि काही न बोलता आपापल्या हातातले हे दिवे एकमेकांना देतात. मिळतात पुष्कळ, पण कुणाचा तरी एक पाय मोडलेला किंवा दांडा सैल झालेला असतोच. परवा एक लोखंडी जवळजवळ घेतलाच होता, टेबलावर ठेवला तर लंगडत होता. विकणारी बाई म्हणाली, शोभेलाच ठेवणार ना, मागे पुस्तकाला टेकवून ठेवा, कळणारसुद्धा नाही. मी तो परत तिच्या चादरीवर ठेवला आणि शेजारच्या डब्यात कात्र्या शोधायला लागले.